बिनखिडकीचा टप

४ मे २०२६, सोमवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानदारानं फुकट देल्ली. फवारणीच्या तारखा लिहू म्हटलं, तर चार महिने कोरीच पडून होती. आज पहिल्यांदा पेन धरला अन् फवारणीचं एक अक्षर लिहाचं मन नाई. पोटात आग पेटली हाय अन् सांगाले मानूस नाई. मंजुषाले सांगावं तर ती हसते.

झालं असं. काल रिठदले मंजुषाच्या चुलतभावाचं लग्न होतं. आमी शेलूबाजारहून आपल्या पिकअपनं गेलो. माझा साडू हरीओम, म्हणजे मंजुषाच्या लहान बहिणीचा, अंजूचा नवरा, मेडशीहून आला. त्याच्याजवळबी पिकअपच, तोबी माझ्यासारखा भाजीवालाच. पण बाप्पा! यंदा त्यानं पिकअपच्या मागे टप, म्हणजे बंद छप्पर, बसवला. पांढराफेक, फायबरचा. दोन्ही बाजूनं सरकत्या काचा, छतावर गरम हवा बाहेर फेकणारा पंखा, आत बाकडे. लोकं नवरदेव सोडून टप पाहून राह्यले होते.

मले टपाचं काई नाई. टप घे नाईतर इमान घे. मले लागलं ते दुसरंच. वरातीच्या टायमाले सासूबाई, कस्तुरामामी, त्याच्या टपात बसली अन् उतरताना म्हने, "बाबू, मले तं वाटलंच नाई का गाडीत बसलो म्हून."

बाबू! त्याले!

माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीले रिठदले गेलो, तर मामीनं ताटात तिसऱ्यांदा वाढलं अन् म्हने, "खाय न बाबू, लाजतं कायले." जवायाले 'तुमी' म्हनाची रीत, अन् ही बाई मले सरळ 'तू' म्हने. मी तिथंच ताटावर रडलो होतो, मंजुषानं कोनाले सांगितलं नाई. तवापासून मी बाबू. हरीओम सात वर्षांपासून जवाईबुवा. 'जवाईबुवा, तुमी बसा. जवाईबुवा, तुमी च्या घ्या.' असं बरोबर चालून राह्यलं होतं, अन् एका फायबरपायी सगळं गेलं.

६ मे, बुधवार

मामाजीचा फोन आला. शालिग्राममामाजी म्हणजे सासरे. यंदा जेठ अधिक आला, धोंड्याचा महिना, जवायाच्या मानाचा. म्हने दोघा जवायांले अनारसे-वाती देऊच, पण यावर्षी सगळे मिळून लोणारले जाऊ, तिथल्या बारमाही धारेखाली आंघोळ करू. पौर्णिमेले, ३१ तारखेले. मामीची लय वर्षांची इच्छा हाय.

मी इचारलं, "गाडी कोनाची?"

म्हने, "आता हरीओमचीच बरी न. सावली हाय."

फोन ठेवला अन् ठरवलं. टप बसवाचा. अन् असा बसवाचा का मेडशीपर्यंत बोभाटा झाला पायजे.

९ मे, शनिवार

मालेगावले अमरसिंगकडे गेल्तो. हा मानूस वीस वर्षांपासून गाड्यांच्या बॉड्या बांधते. त्यानं पाणी पाजलं अन् इचारलं, "वाह्याचं का हाय?"

"भाजी. अन् कधी मानसं."

"किती भाजी, किती मानसं?"

म्हटलं, "ते सोड. मेडशीच्या हरीओमचा टप पाह्यला का? त्याच्यापेक्षा सरस पायजे."

त्यानं विडी इझवली अन् मले पूर्ण कारखाना फिरवला. फायबर घ्यायचा तर अंगठ्यानं दाबून पाहा, म्हने, लचकला का पातळ समजा. कापलेल्या कडेवर जाडी दिसते. दुहेरी असन अन् मधात थर्माकोल असन तर ऊन आत उतरत नाई. मागचा फाळका बंद होते तिथं रबर अखंड पायजे, तुकडे जोडलेले नको, नाईतर धूळ शिरते. क्लॅम्पवर बसवा, वेल्डिंग करू नका, उद्या काढाचा झाला तर गाडी खराब होते. पत्र्याचा घेऊ नका, अन् घेतलाच तर पांढरा घ्या अन् खिडक्या ठेवा. आपल्या इकडं ऊन पंचेचाळीसले जाते.

सगळं ऐकलं. पण एक गोष्ट ध्यानात आली का हा जे जे सांगून राह्यला, ते सगळं हरीओमनं केलंच हाय. मंग माझ्यात अन् त्याच्यात फरक काय राह्यला? लोकं म्हनतीन, पवननं साडूची नक्कल केली.

म्हून मी आपल्या डोक्यानं सांगितलं. त्याचा फायबर, तर माझा लोखंडी पत्रा, अठरा गेज, हत्तीनं टेकलं तरी वाकू नये. त्याचा पांढरा, माझा गडद कत्था. त्याच्यापेक्षा सहा इंच उंच. आत लाल रेक्झिनची गादी अन् छताले सोनेरी झालर. खिडकी नाईच. हवा लागली का सांबार, म्हणजे कोथिंबीर, सुकते, हे भाजीवाल्याले सांगा लागत नाई. मागच्या दाराले एक काच, पोरीच्या वहीएवढी. अन् कडी बाहेरून, कारण आमची पोरगी संस्कृती आठ वर्षांची हाय, चालत्या गाडीत दार उघडन.

अमरसिंग म्हने, "भाऊ, कोंडन न आत."

"तू बनव."

त्यानं कागदावर लिहिलं, 'खिडकी गिऱ्हाइकानं नको म्हटली', अन् त्याच्याखाली माझी सही घेतली. कोनावर भरवसाच नाई वाटते या मानसाचा.

१० मे, रविवार

मंजुषाले सांगितलं. तिनं भाकर थापता थापता हात थांबवला.

"खिडकी नाई? मंग त्याले टप कायले म्हनता, कोठी म्हना."

"तुले का समजते त्यातलं?"

"मले नाई समजत. हरीओमजीले एक फोन करा, त्यायनं चार ठिकानी पाहून घेतला."

झालं. घरातबी हरीओमजी! मी भाकर तशीच ठेवून उठलो. भूक होती, तरी उठलो. ती मागून म्हने, "तुमी हे कोनासाठी बांधून राह्यले?"

"मामीसाठी."

"आईनं मांगतला?"

मामी कधी काई मांगते का? मांगत नाई म्हून तर द्यावं लागते.

१६ मे, शनिवार

हरीओमचा फोन. गोड बोलते, सापडत नाई कुठीच.

"दादा, लोणारले माझ्याच गाडीत बसू न सारे. तुमची कायले काढता?"

'तुमची कायले' म्हणजे तुमची खटारा, समजते मले. म्हटलं, "माझा टप येऊन राह्यला. मामी माझ्या गाडीत बसन."

मंग म्हने, "ठीक हाय. जाताना तुमच्यात, येताना माझ्यात." जसं काई वावराचं पाणी वाटून राह्यला.

अन् संध्याकाळी पाहतो तर त्यानं स्टेटस ठेवला. मामी त्याच्या टपाच्या काचेतून हसून राह्यली, खाली लिहिलं, 'माझी दुसरी आई'. मी तीनदा पाह्यला. मंजुषा म्हने, पाहनाऱ्याचं नाव त्याले दिसते. हे आधी सांगाचं होतं.

२१ मे, गुरुवार

टप आला! काय दिसते! शेलूबाजारच्या चौकातून आनला तर जीपवाले सवारी सोडून पाहत होते. झालर तर अशी चमकते का लग्नाचा मांडवच. शेजारचे भगवंतराव काठी टेकत आले, चक्कर मारली अन् म्हने, "पवन, तिजोरी चांगली हाय. कुलूप कुठी लावतं?" म्हाताऱ्याच्या जिभेले हाडच नाई.

संस्कृती आत जाऊन बसली, मी दार लावलं. बाहेर आली तर घामानं ओली, पण म्हने, "बाबा, आत बाहेरचा आवाजच येत नाई." पाहा. याले म्हनतात काम.

फोटो काढून स्टेटसवर ठेवला. हरीओमनं पाह्यला अन् खाली अंगठा पाठवला. फक्त अंगठा. जळला असन.

२४ मे, रविवार

आज सांबार अन् पालक घेऊन वाशिमले गेलो. रोज ओलं बारदान टाकून वर ताडपत्री सैल बांधतो, खालून हवा खेळते. आज म्हटलं टप हाय, बारदान कायले. दार लावलं अन् निघालो. मालेगावच्या पुढं रस्त्याचं काम, गाड्या थांबलेल्या. पाऊन घंटा उन्हात उभा होतो.

बाजारात दार उघडलं तर वाफ आली तोंडावर. जुड्या पिवळ्या पडून एकमेकींले चिकटल्या होत्या. दलाल म्हने, "पवनभाऊ, सांबार घरूनच शिजवून आनला का?" चार लोकं हसले. सगळा माल ढोरांले टाकून आलो.

चूक माझीच होती म्हना, जुड्या जास्त ओल्या भरल्या. पाणी निथळू द्यायले पायजे होतं.

घरी सांगितलं का माल उठला. मंजुषानं टपात वाकून पाह्यलं, खालची पिवळी पानं उचलली अन् झाडून काढलं. मंग म्हने, "एक खिडकी तरी कापून घ्या. पाया पडतो तुमच्या."

कसा कापू? आठ दिवसांत टप कापाले गेलो तर अमरसिंग तो सहीचा कागद भिंतीले लावन. अन् भाजीची गोष्ट येगळी, मानसाची येगळी.

३० मे, शनिवार

टप धुतला. गादीवर मंजुषाची चांगली चादर टाकली. सकाळी तीनले निघाचं हाय. लेकरावानी झोप येऊन नाई राह्यली. मामी उद्या आत बसन अन् काय म्हनन, हेच डोक्यात.

१ जून, सोमवार

काल लिहिलं नाई. आज लिहितो, जसं झालं तसं.

जाताना सगळं चांगलं होतं. रिठदवरून पाचले निघालो. मामाजी समोर माझ्याजवळ, मागं टपात मामी, मंजुषा, संस्कृती. हरीओम मागून त्याच्या गाडीत, अंजूले घेऊन. गार हवा होती. लोणारले मामी उतरली, झालरीले हात लावला अन् म्हने, "एवढा खर्च कायले केला रे." पण हसली. मी तर हवेतच होतो. धारेखाली तिनं डोकं धरलं तेव्हा लेकरासारखी ओरडली. कॅनमधी धारेचं पाणी भरून घेतलं.

निघाले एक वाजला. ठरल्याप्रमानं आता मामी हरीओमच्या गाडीत बसनार होती. हरीओम संस्कृतीसाठी खेळणं घ्याले दुकानावर गेल्ता. मी मामीले म्हटलं, "त्याची गाडी तापून राह्यली, पाणी टाकाले नेली. तुमी बसा याच्यातच."

खोटं बोललो. तिच्याशी. तिनं इचारलंबी नाई, बसली. मंजुषानं माझ्याकडे पाह्यलं. मी दार लावून कडी घातली.

दहा-बारा किलोमीटर झाले असतीन. समोर गाणे लावले होते. मंजुषाचा फोन आला. मले वाटलं हरीओमसाठी थांबा म्हनन. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मामाजी इचारे, कोनाचा? म्हटलं, कंपनीचा.

तेवढ्यात आरशात हरीओमची गाडी. लाइट मारून राह्यला, हॉर्नवर हात ठेवलेला. म्हटलं, आला. मामी नेली म्हून पिसाळला, आता पुढं जाऊन दाखवन. मी गाडी वाढवली. त्यानं उजवीकडून काढली, मी उजवीकडं दाबली. एकदा नाई, तीनदा. खिडकीतून हात काढून तो काईतरी सांगून राह्यला होता अन् मी हसलो. हसलो होतो मी, हे लिहून ठेवतो.

शेवटी त्यानं वळणावर गाडी पुढं घातली अन् आडवी लावली. उतरून माझ्याकडं आलाच नाई. सरळ मागं पळाला, कडी उघडली.

मंजुषा गुडघ्यावर बसून मामीच्या तोंडाले पदरानं वारा घालत होती. मामीची मान लुळी. संस्कृती त्या वहीएवढ्या काचेवर हात मारून मारून रडत होती. हरीओमले मागून तोच हात दिसला होता. पत्र्याले माझा हात लागला तर चटका बसला.

धारेचं पाणी पूर्ण मामीच्या डोक्यावर ओतलं. हरीओमनं तिले उचललं, त्याच्या टपात नेलं, काचा उघडल्या. रिसोडच्या दवाखान्यापर्यंत मी त्याच्या मागं मागं गेलो. डॉक्टर म्हने, उष्माघात. अजून पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर हातात काई राह्यलं नसतं.

मंजुषा एवढंच म्हने, "दोनदा कापला तुमी."

२ जून, मंगळवार

मामीनं डोळे उघडले, पेज घेतली. माझ्याकडं पाह्यलं नाई का मीच तोंड लपवलं, सांगता येत नाई.

बाहेर बाकावर मी अन् हरीओम. म्हटलं, शिव्या दे, मार, काईतरी कर. तर हा मानूस म्हने, "दादा, टप मी भाजीसाठी नाई घेतला."

"मंग?"

"सात वर्षं झाले, मामी मले जवाईबुवा म्हनते. पाव्हन्यासारखं. तुमाले बाबू. मले कसं वाटत असन? म्हटलं गाडी चांगली केली तर बसन, बोलन."

एवढी चांगली गाडी असून हा माझ्यावर जळत होता! च्या पाजला. त्यानं घेतला. च्या पिता पिता मनात आलं, का परवा मामीले उचलाले आधी हा पळाला, मी नाई. अन् तिथंबी जळलं. नालायकपनाले सीमा नाई माझ्या.

४ जून, गुरुवार

आज मामीले सुट्टी भेटली. मंजुषा अन् अंजू कालच मामाजीसोबत रिठदले गेल्या, घर सावडाले. घेऊन जाले आमी दोघं.

मी काल दिवसभर अमरसिंगकडे होतो. टपाले खिडक्या कापल्या. चार, कारण हरीओमच्या दोन हायेत. अमरसिंगनं या खेपेले सही नाई मांगतली. चादर बदलली, पाण्याचा जार ठेवला. दवाखान्याच्या दारात येऊन पाहतो तर हरीओमनं त्याच्या टपात कूलर बसवला होता. बॅटरीवर चालनारा.

मामी हळूहळू पायऱ्या उतरली, हातात पिशवी.

"मामी, इकडं. चार खिडक्या हायेत आता."

"मामी, कूलर हाय. उन्हाचं याच्यातच बरं."

"मामी, माझी गाडी सावलीत हाय."

"मामी, डॉक्टरनंच सांगितलं गार ठेवाले."

ती मधात उभी राह्यली. एकदा या टपाकडं पाह्यलं, एकदा त्या टपाकडं. मंग म्हने, "तुमी मले घेऊन नाई जाऊन राह्यले. एकमेकायले दाखवून राह्यले. मी काय मखरातली गौर हाव का, आज याच्या घरी बसवा, उद्या त्याच्या?"

मी टपाचं दार लोटलं, त्यानं कूलर बंद केला.

"माह्या पोटी पोरगा नाई. म्हून दोघायले जीव लावला. मले वाटे, देवानं दोन देल्ले. त्या डब्यात जीव घाबरला तवा मी कोनाले हाक मारू, तेच समजेना. एक पुढं पळवून राह्यला, एक मागून पळवून राह्यला." तिच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याबी आलं. हरीओमचं मी पाह्यलं नाई. "मी यष्टीनं जातो. तिच्यात सगळ्यायले जागा असते."

अन् खरंच चालू लागली. स्टँड समोरच. आमी मागं धावलो, मामी ऐका, मामी ऊन हाय. तिनं हात वर करून थांबवलं. रिठदवरून जानारी गाडी लागलीच होती. ती चढली, खिडकीजवळ बसली, काच पूर्ण उघडली अन् तोंड बाहेरच्या बाजूनं केलं.

"तुमच्यामुळं झालं," हरीओम म्हने.

"तू कूलर कायले आनला?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मले दिसलं का आपल्या गाडीत बसून यष्टीच्या मागं मागं जाचं, हेच नशिबात हाय. मंग वाटलं, नाई. या बाईशी मी खोटं बोललो, कडी मी लावली, आता पुन्हा पत्र्याच्या आडून कायले जाऊ? गाडी तिथंच सावलीत सोडली, किल्ली खिशात टाकली अन् पळालो. यष्टी स्टँडच्या बाहेर निघताना दांडी धरली. कंडक्टर खेकसला.

आत पाहतो तर हरीओम! दम लागलेला, मामीच्या मागच्या सीटवर. मी गाडी सोडून किल्ली खिशात टाकेपर्यंत हा माझ्या आधी चढून बसलाबी. मामी खिडकीबाहेर पाहून राह्यली होती, जसं आमची तिची वळखच नाई.

मी जाऊन तिच्यापाशी उभा राह्यलो. म्हटलं, "मामी, त्या दिवशी हरीओमची गाडी तापली नव्हती. मी खोटं बोललो."

"मले मालूम होतं," ती म्हने. "त्याची गाडी समोरच दिसत होती." तोंड वळवलं नाई, पण पिशवी उचलून मांडीवर घेतली अन् बाजूची जागा मोकळी केली.

मी बसलो. एवढ्यात कंडक्टर आला. मी तयारीतच होतो, म्हटलं आता तरी कायतरी नीट करू, अन् मागं मान करून, हरीओमकडं पाहून, मोठ्यानं म्हटलं, "तीन द्या. रिठद."

कंडक्टर म्हने, "झाले न तिघायचे. यायनं काढले, तुमी धावत होते तवा. म्हने, तोबी येनार, गाडी थांबवा जरा."

मी मागं पाह्यलं. हरीओम खिडकीबाहेर पाहून राह्यला होता, कान लाल. गाडी रिठदले पोचेपर्यंत मी एकच इचार करत बसलो, का ते तीन तिकिटं आधी काढाचं मले काहून नाई सुचलं.